जिम थॉम्पसन हाऊस : बँकॉकमधील सागवानी घर, त्याची बाग आणि कालव्यापलीकडचे विणकर

थायलंडच्या धम्म सहलीला जाणाऱ्या आपल्या लोकांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. बँकॉकमध्ये वाट फो येथील पहुडलेले तथागत, वाट त्रायमित येथील सोन्याची बुद्धमूर्ती, राजवाड्यातील वाट फ्रा केव, आणि एक दिवस अयुथया. उरलेला वेळ खरेदीत जातो. ज्यांना त्यातला अर्धा दिवस काढता येईल अशा तरुणांसाठी हा लेख आहे. बँकॉकच्या मध्यवस्तीत एका कालव्याच्या काठावर जुन्या थाई पद्धतीचे सागवानी घर आहे. आज ते संग्रहालय आहे आणि जिम थॉम्पसन हाऊस या नावाने ओळखले जाते. ते विहार नाही, तिथे भिक्खूसंघ नाही. तरी थाई समाज कसा राहत होता, बुद्धमूर्ती विहारातून दिवाणखान्यात कशी आली आणि कापड विणणाऱ्या हातांचे पुढे काय झाले, हे तिथे जेवढे दिसते तेवढे मोठ्या विहारांच्या गर्दीत दिसत नाही. मात्र ते कोणी दाखवत नाही, आपणच विचारावे लागते.

कुठे आहे

राम पहिला मार्गावर नॅशनल स्टेडियम हे आकाश-रेल्वेचे स्थानक आहे. तिथे उतरून सोई कासेमसान २ या गल्लीत चालत गेले की गल्लीच्या टोकाला हे घर लागते. गल्लीला थाई भाषेत सोई म्हणतात. घराच्या मागे सान साएप कालवा वाहतो. कालव्यातून प्रवासी बोटी चालतात आणि सफान हुआ चांग हा धक्का जवळ आहे. माझा सल्ला बोटीने येण्याचा आहे. जुन्या बँकॉकमध्ये रस्ते कमी आणि कालवे जास्त होते, घरांची तोंडे पाण्याकडे असत. या घराचाही दर्शनी भाग कालव्याकडे आहे. आज तिकीट काढून आपण गल्लीकडून आत शिरतो, म्हणजे एका अर्थाने मागच्या दाराने.

तिकीट काढल्यावर गट करून मार्गदर्शकासोबत आत सोडतात. इंग्रजीसह काही भाषांत मार्गदर्शक मिळतात, हिंदी किंवा मराठीची अपेक्षा ठेवू नये. चपला-बूट बाहेर काढावे लागतात. आतला फेरा अर्धा-पाऊण तासाचा असतो. बाग मात्र आपल्या चालीने पाहता येते, म्हणून फेरा आधी संपवावा आणि बागेला नंतर निवांत वेळ द्यावा.

घर कसे बांधले आहे

हे एक घर नसून सहा जुनी घरे एकत्र जोडून केलेली वास्तू आहे. त्यातील काही अयुथया परिसरातून उकलून जलमार्गाने आणली गेली. दिवाणखाना म्हणून वापरलेले घर मात्र समोरच्याच बान ख्रुआ या विणकर वस्तीतले असून ते साधारण इ.स. १८०० च्या सुमाराचे मानले जाते. घर 'उकलून आणले' म्हणजे काय, असा प्रश्न आपल्याला पडतो, कारण आपल्याकडे घर पाडतात, उकलत नाहीत. मध्य थायलंडचे पारंपरिक घर सागवानी चौकटींचे असते. भिंतीचे मोठमोठे तक्ते आधी तयार करायचे आणि मग लाकडी खुंट्या व खाचा यांनी खांबांना बसवायचे. लोखंडी खिळ्यांवर ते उभे नसते. त्यामुळे कुटुंब स्थलांतर करताना घर सुटे करून होडीत घालून नेता येत असे.

घर उंच खांबांवर असते, कारण पावसाळ्यात नदीकाठची सगळी जमीन पाण्याखाली जाते. छप्पर तीव्र उताराचे, त्यामुळे पाणी थांबत नाही आणि उष्ण हवा वर चढते. भिंती किंचित आत झुकलेल्या असतात. दारे आणि खिडक्याही खाली रुंद, वर अरुंद. उंबरे इतके उंच की पाय उचलूनच आत जावे लागते. उंबरा भुतांना अडवतो असे लोक म्हणत, रांगणारे मूलही अडवतो असेही म्हणत. आपल्याला दुसरे कारण पटते, पण पहिले ऐकून हसू नये. त्यावर पुढे बोलू.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला या घरातली सर्वांत बोलकी जागा वाटली ती मधला उघडा मंच. एकेक खोली म्हणजे स्वतंत्र घर, आणि ती सगळी एका लाकडी मंचाने जोडलेली. मुलीचे लग्न झाले की त्याच मंचाला लागून नवे घर जोडायचे, कारण थायलंडच्या अनेक भागांत जावई सासरी राहायला येतो, लेक घर सोडून जात नाही. विशेषतः उत्तर आणि ईशान्य भागात आईवडिलांना सांभाळणाऱ्या धाकट्या लेकीकडे घर जाण्याची पद्धत होती. घराखालच्या मोकळ्या जागेत गुरे बांधत, अवजारे ठेवत आणि तिथेच हातमाग असे. माग बाईचा, घर बाईचे, आणि विणताना सगळ्या गल्लीवर तिची नजर. याचा अर्थ तिथे स्त्री स्वतंत्र होती असा लगेच काढू नये. भिक्खुनी संघाला थायलंडमध्ये आजही अधिकृत मान्यता नाही. पण 'परकी' होऊन नांदायला जाणारी लेक हीच जगाची रीत, असे मानणाऱ्या आपल्या समाजाने तो मंच जरूर पाहावा.

या घरात थॉम्पसनने स्वतःच्या सोयीने बदल केले. थाई घराचा जिना बाहेर असतो, त्याने तो आत घेतला. दिवाणखान्याच्या भिंती उलट्या बसवल्या, त्यामुळे बाहेरचे कोरीवकाम आत दिसू लागले. काही खिडक्या बंद करून त्यांचे कोनाडे केले आणि त्यांत मूर्ती ठेवल्या. जुन्या महालांतली झुंबरे टांगली. बाहेरचा लाल रंग मात्र जुन्या थाई इमारतींना लाकूड टिकावे म्हणून देत तसाच आहे. 'अस्सल थाई घर' म्हणून ते दाखवले जाते, त्यात ही दुरुस्ती करून घ्यायला हवी: थाई सुतारांनी बांधलेले आणि एका अमेरिकन वास्तुतज्ज्ञाने आपल्या पाहुण्यांसाठी पुन्हा मांडलेले हे घर आहे.

थॉम्पसन कोण होता

जेम्स हॅरिसन विल्सन थॉम्पसनचा जन्म १९०६ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात, सधन कुटुंबात झाला. न्यूयॉर्कमध्ये तो वास्तुरचनेचे काम करत असे. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संघटनेत दाखल झाला आणि १९४५ मध्ये युद्ध संपताच बँकॉकला पोहोचला. तिथेच राहिला. १९४८ च्या सुमारास त्याने थाई सिल्क कंपनी उभी केली. १९५९ मध्ये तो या घरात राहायला आला. २६ मार्च १९६७ रोजी मलेशियातील कॅमेरून हायलँड्स येथे सुट्टीवर असताना तो फिरायला बाहेर पडला आणि परत आला नाही. मोठा शोध झाला, काही सापडले नाही. वाघ, अपहरण, हेरगिरी, खूप तर्क झाले. मार्गदर्शकाचा बराच वेळ या रहस्यात जातो. आपण तो तिथे घालवू नये.

त्याच्या अनुपस्थितीत मालमत्ता पुतण्याकडे गेली आणि १९७६ मध्ये त्याच्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन होऊन घर संग्रहालय म्हणून कायम झाले. तो राहत असतानाही ठरावीक दिवशी लोकांना घर पाहता येई आणि जमलेले पैसे बँकॉकच्या अंध विद्यालयाला जात. हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.

कालव्यापलीकडची वस्ती

घराच्या मागच्या बाजूने कालव्यापलीकडे पाहिले की दाटीवाटीची वस्ती दिसते. ती बान ख्रुआ. थाई रेशमाची जगभर झालेली ख्याती इथल्या मागांवरून निघाली. इथले लोक बौद्ध नाहीत. ते चाम मुसलमान आहेत. राजा राम पहिला याच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस, चाम सैनिक त्याच्या बाजूने लढले आणि मोबदल्यात त्यांना ही जमीन मिळाली. चाम लोकांचे मूळ राज्य चंपा, आजच्या मध्य व्हिएतनाममधले. त्याच चंपामध्ये इ.स. ८७५ मध्ये राजा दुसरा इंद्रवर्मन याने दोंग दुओंग येथे मोठा महायान विहार उभारला होता. नंतरच्या शतकांत चाम समाजातला मोठा भाग इस्लाममध्ये गेला. धर्मांतराचा इतिहास सगळीकडे एकाच दिशेने वाहत नाही, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

थॉम्पसन आला तेव्हा हातमागाचा धंदा मोडकळीस आला होता, यंत्रावरच्या स्वस्त कापडापुढे टिकत नव्हता. त्याने पक्के रंग आणले, सुधारित माग आणले आणि न्यूयॉर्कमध्ये गिऱ्हाईक शोधले. विणकरांना एका कारखान्याच्या छपराखाली न आणता त्यांच्या घरीच काम करू दिले. कंपनीच्या भागांत थाई लोकांचा वाटा निम्म्याहून अधिक ठेवला. 'द किंग अँड आय' या संगीतिकेच्या वेषभूषेत हे रेशीम वापरले गेले आणि मागणी वाढली. गंमत अशी की त्यावरून निघालेल्या १९५६ च्या चित्रपटावर थायलंडमध्ये बंदी आली. कारण त्यात राजा मोंगकुट हा आडदांड आणि अडाणी दाखवला आहे. प्रत्यक्षात हा मोंगकुट राजा होण्यापूर्वी २७ वर्षे भिक्खू होता, पालीचा अभ्यासक होता, आणि विनयाच्या काटेकोर पालनासाठी त्याने धम्मयुत निकाय सुरू केला. बौद्ध आशियाबद्दल पाश्चात्त्य करमणूक काय सांगते आणि खरे काय असते, याचे हे चांगले उदाहरण.

थॉम्पसनने बान ख्रुआचे भले केले की त्यांच्या कौशल्यावर स्वतःचे नाव लावले? मला वाटते दोन्ही झाले. विणकर कुटुंबांना त्या काळात चांगला पैसा मिळाला, हे खरे. त्याच्या पश्चात कंपनीचे उत्पादन ईशान्येकडील नाखोन राचासिमा प्रांतातल्या पाक थोंग चाई येथे एकवटले आणि बान ख्रुआचे माग एकेक करून थांबले. आज तिथे मोजकीच घरे विणतात. तरीही दुकानातल्या प्रत्येक रुमालावर नाव आहे ते थॉम्पसनचे. कारागिराचे नाव मालावर नसते, ही गोष्ट चामडे, बांबू, माती आणि सूत यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या आपल्या लोकांना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

बान ख्रुआची दुसरी गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने द्रुतगती महामार्गाचा जोडरस्ता या वस्तीतून काढायचे ठरवले. रहिवाशांनी वर्षानुवर्षे विरोध केला. निवेदने दिली, धरणे धरली, जनसुनावणीची मागणी लावून धरली, रस्त्याची गरजच नाही हे वाहतुकीच्या अंगाने मांडले, आणि रात्री आळीपाळीने पहारेही दिले, कारण आग लावून वस्त्या रिकाम्या करण्याचा अनुभव शहरातल्या गरिबांना होता. मशीद आणि कब्रस्तान हे त्यांच्या एकजुटीचे केंद्र होते. बहुसंख्य बौद्ध असलेल्या शहरात एका लहान मुस्लिम वस्तीने अहिंसक मार्गाने केलेला हा लढा होता आणि तो रस्ता झाला नाही. संग्रहालयाच्या फेऱ्यात यातले काही कानावर येईल अशी अपेक्षा करू नये. कालव्याच्या कडेने चालत पुलावरून पलीकडे गेले की वस्तीत जाता येते. मात्र ती लोकांची राहती घरे आहेत, कॅमेरा खाली ठेवून जावे.

बुद्धमूर्ती आणि दिवाणखाना

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. घरात आग्नेय आशियातील अनेक बुद्धमूर्ती आहेत. अभ्यासिकेत द्वारवती काळातील, शीर नसलेली दगडी मूर्ती आहे. द्वारवती म्हणजे साधारण सहाव्या ते अकराव्या शतकातील मध्य थायलंडची संस्कृती. त्या प्रदेशात धम्म रुजल्याच्या सर्वांत जुन्या खुणांमध्ये या मूर्तींची गणना होते. आमच्या गटातल्या एका मावशींनी ती मूर्ती पाहून हात जोडले आणि मला हळूच विचारले, "ताई, इथं त्रिशरण म्हटलं तर चालेल का गं?" मार्गदर्शक पुढच्या खोलीकडे निघाली होती. मी म्हटले, "मावशी, मनात म्हणा." उत्तर चुकले का, हे मला अजून कळलेले नाही. ज्या घरात मूर्ती शोभेसाठी ठेवली आहे तिथे वंदना करणारीच जागा चुकल्यासारखी वाटते, हे मात्र त्या क्षणी कळले.

मूर्तीला शीर का नाही? काही ठिकाणी युद्धामुळे. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने अयुथया लुटली, आणि बर्मी सैन्यही बौद्धच होते. काही ठिकाणी काळामुळे. आणि पुष्कळ ठिकाणी बाजारामुळे. अखंड मूर्ती जड असते, लपवून नेता येत नाही. शीर तोडले की पोत्यात मावते. परदेशी घरांतून आणि हॉटेलांतून दिसणारी 'बुद्धाचे शांत मस्तक' ही शोभेची वस्तू अशा तोडण्यातून लोकप्रिय झाली आहे.

थॉम्पसनचा संबंध इथे थेट येतो. फेत्चाबून प्रांतात सी थेप या प्राचीन नगराजवळ थामोरात डोंगरावर एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. चोरांनी त्यांची शिरे फोडून काढली आणि ती बाजारात आली. त्यांतली काही थॉम्पसनने विकत घेतली. १९६२ मध्ये थायलंडच्या ललित कला विभागाने कारवाई करून ती त्याच्याकडून ताब्यात घेतली. तो दुखावला. आपण या वस्तू देशाबाहेर नेल्या नाहीत, उलट देशातच जपल्या, अशी त्याची भूमिका होती. घर आणि संग्रह सियाम सोसायटी या संस्थेला देण्याचे मृत्युपत्र त्याने केले होते, ते बदलून त्याने सर्व पुतण्याच्या नावे केले.

त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की त्याने घेतली नसती तर ती शिरे युरोप-अमेरिकेला गेली असती. हा युक्तिवाद खोटा नाही. पण अपुरा आहे. गिऱ्हाईक आहे म्हणून छिन्नी चालते. शीर विकत घेणारा सज्जन असला तरी पुढच्या गुहेत जाणाऱ्या चोराला त्याच्या सज्जनपणाशी देणेघेणे नसते, त्याला भाव कळलेला असतो. २०२३ मध्ये सी थेपला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. कोरलेल्या प्रतिमांचे कापलेले गळे मात्र भरून येणारे नाहीत.

थाई जनतेने आपला वारसा परत मागायला शिकले आहे. फानोम रुंग मंदिराच्या दारावरची कोरीव शिळा चोरीला जाऊन शिकागोच्या संग्रहालयात पोहोचली होती. लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर ती १९८८ मध्ये परत आली. ती शिळा शेषशायी विष्णूची आहे, आणि ती परत मागणारा समाज बहुसंख्य बौद्ध होता. त्यात त्यांना अडचण वाटली नाही.

वेस्संतर जातकाची चित्रे

घरात एकोणिसाव्या शतकातील, कापडावर रंगवलेली वेस्संतर जातकाची चित्रे आहेत. ती घाईने ओलांडू नयेत. थायलंडमध्ये हे जातक सर्वांत लाडके आहे. तेरा कांडे आणि एक हजार गाथांचे हे आख्यान भिक्खू विहारात गाऊन सांगतात आणि त्या दिवशी अख्खे गाव जमते. अशा प्रसंगी अशी चित्रे विहारात लावत. म्हणजे ती गावाच्या सामुदायिक श्रवणाची साधने होती, भिंतीवरची कलाकृती नव्हे.

कथेत राजपुत्र वेस्संतर दानाची परिसीमा म्हणून आपली दोन मुले आणि पत्नी मद्दी यांचेही दान करतो. मद्दी रानातून फळे घेऊन परतते तेव्हा मुले नसतात. बाबासाहेबांच्या वाटेने धम्माकडे आलेल्या आपल्याला हे दान पचत नाही. बायको-मुले ही दान देण्याची वस्तू आहेत का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण एक निरीक्षण नोंदवते. थाई चित्रकार या कथेत मुलांना ओढत नेणारा ब्राह्मण जूजक कुरूप आणि हास्यास्पद रंगवतात, आणि मद्दीचा शोक ऐकताना श्रोत्या बाया रडतात. ग्रंथ दात्याचा गौरव करतो, ऐकणारे मात्र मद्दीसाठी रडतात.

बाग, भूतघर आणि रेशमाचे किडे

बाग ही आखीव फुलझाडांची नाही. थॉम्पसन स्वतः तिला 'जंगल' म्हणे. दाट पाने, वेली, ताडवर्गीय झाडे, मासे सोडलेली कुंडे आणि त्यांतून घरापर्यंत जाणाऱ्या अरुंद पायवाटा. बाहेर शहराची धग असताना इथली हवा थंड लागते. घराखालच्या खांबांमधून वारा खेळतो, त्यामुळे सगळ्यांत आरामाची जागा घराच्या पोटात आहे. विहाराला लागून मोकळी जागा असेल तर फरशी टाकून ती तापवण्याऐवजी असे दाट, स्थानिक झाडांचे बन करावे, ही कल्पना मी तिथून उचलली. भिक्खू अरण्यात का राहत, हे अशा सावलीत बसल्यावर लवकर कळते.

बागेत खांबावर एक लहानसे घर दिसेल. त्याला सान फ्रा फुम म्हणतात. जागेच्या रक्षक आत्म्याचे हे घर, तिथे फुले, उदबत्ती, अन्न ठेवतात. थायलंडमध्ये बँकांसमोर आणि मॉलसमोरही ते असते. थॉम्पसन नव्या घरात राहायला आला तोही ज्योतिषाने काढून दिलेल्या दिवशी, भिक्खूंच्या परित्राणपाठानंतर. त्याची पत्रिकाही घरात आहे, आणि वयाच्या ६१ व्या वर्षी जपावे असे तिच्यात लिहिले होते, असे मार्गदर्शक आवाज खाली आणून सांगतात. तो बेपत्ता झाला तेव्हा ६१ वर्षांचाच होता. गटातले सगळे चमकतात. पत्रिका खऱ्या न ठरलेल्या लोकांची घरे संग्रहालये होत नाहीत, एवढे आपण लक्षात ठेवावे.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या तरुणांना हे पाहून राग येतो. 'हे कसले बौद्ध?' असे मी आमच्याच गटात ऐकले. माझे मत थोडे वेगळे आहे. थायलंडमध्ये धम्म आला तेव्हा लोकांच्या जुन्या श्रद्धा पुसल्या गेल्या नाहीत, त्यांच्या शेजारी तो नांदला. आपल्याकडे १९५६ चा धम्म हा जातिव्यवस्थेच्या नकारातून आला, म्हणून जुने देव्हारे सोडणे ही आपल्या मुक्तीची अट होती. त्यांच्यासाठी ती नव्हती. दोन इतिहास वेगळे आहेत. त्यांचे भूतघर आपण आपल्या अंगणात आणू नये, आणि त्यांच्या अंगणात उभे राहून त्यांची टिंगलही करू नये.

बागेच्या एका बाजूला रेशमाचे प्रात्यक्षिक असते. कोष उकळत्या पाण्यात टाकलेले, त्यांतून एकेक तार वर खेचली जाते. आत किडा जिवंत असताना कोष पाण्यात जातो, कारण तो फोडून बाहेर पडला तर तार तुटते. ईशान्य थायलंडच्या ईसान भागात उकडलेले किडे खाल्लेही जातात, फुकट जात नाहीत. पर्यटक आनंदाने चित्रफीत काढतात. पहिले शील रोज म्हणणाऱ्याने इथे क्षणभर थांबावे. विनयपिटकात भिक्खूंनी रेशीममिश्रित अंथरूण करून घेऊ नये असा नियम आहे. त्याची निदानकथा मला फार महत्त्वाची वाटते. काही भिक्खू रेशीम करणाऱ्यांकडे जाऊन कोष उकळून रेशीम द्या म्हणून मागू लागले. तेव्हा ते कारागीर नाराज झाले. आम्ही पोटासाठी, बायकामुलांसाठी इतके लहान जीव मारतो, त्यात यांनी आणखी का मारायला लावावे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. तथागतांनी त्या कारागिरांना दोष दिला नाही. नियम घातला तो मागणाऱ्यांवर. विणकर बाईचे पोट आणि किड्याचा जीव यांत ओझे कुणाच्या खांद्यावर टाकायचे, याचे उत्तर त्या नियमात आहे, आणि दुकानात शिरण्यापूर्वी मला ते आठवले. मी काही घेतले नाही. गटातल्या दोघींनी घेतले, त्यांच्याशी वाद घातला नाही.

जाणाऱ्यांसाठी

बँकॉकच्या विमानतळावर आणि रस्त्यांवर 'बुद्ध ही सजावटीची वस्तू नाही' अशा आशयाचे मोठे फलक दिसतात. नोइंग बुद्धा या संस्थेने ते लावलेले आहेत. अंगावर बुद्धाचे गोंदण, उशीवर बुद्धाचे चित्र, बारमध्ये बुद्धाचे शिल्प, यांना त्यांचा विरोध आहे. फलक पाहून थेट या घरात आलात तर मनात जो गोंधळ होईल तो होऊ द्यावा.

आपले गट तिकडून बुद्धमूर्ती आणतात. मूर्ती जुनी असो की नवी, थायलंडबाहेर नेण्यासाठी ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यात घालायच्या लहान प्रतिमांना सूट असते. विक्रेत्यालाच परवान्याचे काम करून द्यायला सांगावे आणि कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. 'जुनी आहे, विहारातली आहे' असे सांगून कोणी मूर्ती दाखवली तर ती घेऊच नये. खरी असेल तर ती कुठल्या तरी विहाराची आहे, खोटी असेल तर तुम्ही फसलात. विहारासाठी मूर्ती हवी असेल तर थाई विहारांमार्फत नवी घडवून घेता येते. थायलंडच्या उपासकांनी दान दिलेल्या अशा मूर्ती महाराष्ट्रातल्या अनेक विहारांत आहेत. २०२३ च्या सुरुवातीला थाई भिक्खूंची परभणी ते चैत्यभूमी पदयात्रा निघाली, तेव्हापासून हे संबंध आणखी वाढले आहेत.

वेळ उरला तर सुआन पक्काड महाल पाहावा. तिथेही जुनी थाई घरे आणि बाग आहे, गर्दी कमी असते. तिथल्या लाखेच्या मंडपात काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी रेषांनी बुद्धचरित्र काढलेले आहे. मात्र थॉम्पसनच्या घरातून बाहेर पडल्यावर लगेच रिक्षा पकडू नका. कालव्याकडे वळा, पूल ओलांडून बान ख्रुआमध्ये जा. एखाद्या घरातून मागाचा आवाज येत असेल तर दारात उभे राहून परवानगी मागा, आणि विणणारीला तिचे नाव विचारा.